अर्धं जग लहान का दिसतं?

"डोळे तपासून झाले. नंबर होता तोच आहे, मोतीबिंदू नाही, पडदाही चांगला आहे म्हणाले. मग ह्यांना डाव्या बाजूची माणसं लहान का दिसतात?"

पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरचे हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यामागे आणखी एक धास्ती असते, ती ते सहसा बोलून दाखवत नाहीत: डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना? रुग्ण स्वतः तर पुष्कळदा हा विषयच काढत नाही. हात उचलत नाही, जीभ अडखळते, हे सांगायला कुणाला संकोच वाटत नाही. पण "माझ्या सुनेचा चेहरा एका बाजूनं बारीक दिसतो" असं सांगितलं तर लोक काय म्हणतील, या भीतीनं माणूस गप्प राहतो. डॉक्टरांनीही नेमकं विचारलं नाही तर ही तक्रार कागदावर येतच नाही.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. हा भ्रम नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूच्या ठरावीक जागी इजा झाली की ठरावीक बिघाड होतो, त्यातलाच हा एक. तो विरळा आहे, पण वैद्यकाला चांगला माहीत आहे आणि त्याला नावही आहे. वस्तू आहे त्यापेक्षा लहान दिसणं म्हणजे मायक्रोप्सिया, मोठी दिसणं म्हणजे मॅक्रोप्सिया आणि नजरेच्या एकाच अर्ध्या भागात लहान दिसणं म्हणजे हेमिमायक्रोप्सिया.

तो नेमका दिसतो कसा? समजा, एक मावशी सकाळी उठून चहाला बसल्या. कपाचा उजवा काठ नेहमीसारखा गोल, डावा मात्र चेपल्यासारखा. समोर भिंतीवर कॅलेंडर: उजवीकडचे आकडे नेहमीएवढे, डावीकडचे बारीक. दाराच्या दोन फळ्यांपैकी डावी अरुंद. काहीही पुसट नाही, काहीही नाहीसं झालेलं नाही. रंग तेच, रेघा तशाच ठसठशीत. फक्त माप बिघडलंय आणि तेही एकाच बाजूचं. हे कसं होतं ते कळायचं असेल तर आधी दुसरंच एक कोडं सोडवावं लागतं. तुम्हाआम्हाला वस्तू योग्य मापाची दिसते, ती तरी कशी?

1. डोळ्याजवळ फूटपट्टी नाही

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर समोरच्या दृश्याची उलटी, लहानशी प्रतिमा पडते. 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस 2 मीटरवर उभा असेल तर पडद्यावर त्याची प्रतिमा साधारण 14 मिलिमीटर उंच पडते. तोच माणूस चार पावलं मागे सरकून 4 मीटरवर गेला की प्रतिमा 7 मिलिमीटरची होते, म्हणजे निम्मी. पण तो निम्मा झाला असं आपल्याला वाटतं का? मुळीच नाही. तो दूर गेला एवढंच वाटतं.

आत्ताच करून पाहा. एक तळहात डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरा, दुसरा त्याच्या दुप्पट अंतरावर. दोन्ही हात सारखेच दिसतात. आता एक डोळा मिटा आणि जवळचा हात हळूहळू सरकवून दूरच्या हातासमोर आणा. जवळच्या हातानं दूरचा जवळजवळ पुरता झाकून टाकलेला दिसेल. पडद्यावर तो पहिल्यापासूनच दुप्पट मोठा होता, तुम्हाला जाणवत नव्हतं इतकंच. अंतर बदललं तरी वस्तूचं माप स्थिर दिसण्याच्या या गुणाला 'आकार-स्थैर्य' म्हणतात. देकार्तनं 1637 सालीच याची नोंद केली होती: डोळ्यातल्या प्रतिमेच्या मापावरून आपण वस्तूचं माप ठरवत नाही, अंतराचा अंदाज त्यात मिसळलेला असतो.

2. बिलात दोन आकडे लागतात

भाजीवाल्याकडून 2 किलो कांदे घेतले, भाव 30 रुपये, बिल 60. नुसत्या वजनावरून बिल होत नाही, नुसत्या भावावरूनही नाही. आकाराचंही असंच आहे. पडद्यावरच्या प्रतिमेचं माप हे वजन, वस्तूचं अंतर हा भाव आणि आपल्याला दिसणारा आकार हे बिल. हा गुणाकार मेंदू दिवसभर, आपल्या नकळत, अखंड करत असतो.

आता बिल 60 ऐवजी 30 आलं, तर चूक कुठे झाली? वजन 2 ऐवजी 1 किलो धरलं असेल, तरी 30. भाव 30 ऐवजी 15 धरला असेल, तरी 30. नुसतं बिल पाहून काही सांगता येत नाही. "लहान दिसतं" या तक्रारीचंही तसंच आहे. तक्रार एकच असते, तिच्यामागे बिघाड वेगवेगळे असू शकतात.

अंतर मेंदू खरोखरच हिशेबात धरतो हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग स्विस नेत्रतज्ज्ञ एमिल एमर्ट यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांनी तो नियम 1881 मध्ये मांडला. लाल कागदाचा रुपयाएवढा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून त्याच्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा. मग नजर कोऱ्या पांढऱ्या कागदावर न्या. तिथे हिरवट निळसर ठिपका तरंगताना दिसेल. पडद्याचा तेवढा भाग थकलेला असतो, त्याचा हा ठसा. ठसा पडद्यावरच असल्यामुळे त्याचं माप बदलणं शक्य नाही. तरीही समोरच्या कागदावर तो लहान दिसतो आणि नजर पलीकडच्या भिंतीवर नेली की चांगला थोराड होतो. वजन तेच, भाव वाढला, बिल वाढलं.

डोळ्याच्या आजारात चुकतं ते वजन. पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून सूज आली की तिथल्या प्रकाशग्राही पेशी एकमेकींपासून दूर सरकतात. तेवढीच प्रतिमा आता कमी पेशींवर पडते आणि वस्तू लहान दिसते. सूज एका डोळ्यात असेल तर त्रास त्याच डोळ्यापुरता राहतो. भाव चुकण्याचंही उदाहरण आहे. विशिष्ट भिंगांनी दोन्ही डोळे नाकाकडे वळवायला लावले की मेंदूला वाटतं वस्तू जवळ आहे. जवळ असून प्रतिमा एवढीच, म्हणजे वस्तू लहानच असणार, असा हिशेब करून तो ती लहान दाखवतो.

पक्षाघातात मात्र दोन्ही डोळे ठणठणीत असतात. बिघाड झालेला असतो तो हिशेब होतो त्या ठिकाणी. ते ठिकाण डोक्याच्या पार मागच्या बाजूला आहे.

3. गोळीच्या वाटेवरून काढलेला नकाशा

मेंदूचा मागचा भाग पाहण्याचं काम करतो हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पण दृश्याचा कोणता तुकडा तिथे नेमका कुठे उतरतो, हे कळलं ते एका युद्धामुळे. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याकडे नव्या बंदुका होत्या. त्यांच्या गोळ्या लहान आणि वेगवान असत. अशी गोळी कवटीच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं सरळ निघून जाई आणि पुष्कळ सैनिक त्यातूनही वाचत. तात्सुजी इनोये हे तरुण जपानी नेत्रतज्ज्ञ. जखमी सैनिकांची दृष्टी किती गेली हे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण त्यावर निवृत्तिवेतन ठरायचं. इनोये यांनी प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दोन भोकांमधली सरळ रेषा मोजली. त्या रेषेवरचा मेंदूचा कोणता भाग गेला असेल ते काढलं आणि त्या माणसाला दृश्याचा कोणता तुकडा दिसत नाही याच्याशी ते ताडून पाहिलं. एकेका दुर्दैवी माणसाच्या जखमेतून नकाशाचा एकेक तुकडा भरत गेला. 1909 मध्ये हे काम जर्मन भाषेत प्रसिद्ध झालं. पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरून गॉर्डन होम्स यांनी तोच नकाशा अधिक बारकाईनं काढला.

या नकाशातल्या दोन गोष्टी आपल्याला इथे हव्यात. पहिली: शेजारच्या जागा नकाशातही शेजारीच राहतात, पण प्रमाण सारखं राहत नाही. नजरेच्या मधोमध असलेल्या एवढ्याशा भागाला, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या भागाला, मेंदूत अवाच्या सवा जागा मिळते. कडेच्या विस्तीर्ण दृश्याला त्या मानानं थोडकी. दुसरी: नकाशा दोन अर्ध्यांत विभागलेला आहे. नजर जिथे रोखली आहे त्या बिंदूच्या डावीकडचं सगळं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात उतरतं आणि उजवीकडचं सगळं डाव्या अर्ध्यात.

इथे हमखास गैरसमज होतो, म्हणून थोडं थांबू. डावा डोळा म्हणजे उजवा मेंदू, असं हे गणित नाही. दोन्ही डोळे दोन्ही बाजूंचं पाहतात. डोळ्यांमागच्या एका तिठ्यावर तंतूंची फेरवाटणी होते. दोन्ही डोळ्यांकडून आलेलं डावीकडचं दृश्य एकत्र होऊन उजव्या मेंदूकडे जातं आणि उजवीकडचं डाव्याकडे. म्हणून या तिठ्याच्या मागे बिघाड झाला की एक डोळा मिटला काय, दुसरा मिटला काय, त्रास तोच आणि त्याच बाजूचा राहतो.

4. हातपाय चांगले, मग पक्षाघात कसला?

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून वर चढणाऱ्या वाहिन्यांतून येतात. हातापायांच्या हालचालींचा आणि बोलण्याचा कारभार पाहणाऱ्या पृष्ठभागाला मुख्यतः दुसऱ्या वाटेनं, गळ्याच्या पुढच्या बाजूनं जाणाऱ्या धमन्यांतून रक्त मिळतं. गुठळी मागच्या वाटेत अडकली तर पुष्कळदा तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, माणूस स्वतःच्या पायांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन बसतो. रक्तवाहिनी अडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण पाचातला एक या मागच्या वाटेतला असतो. पक्षाघात म्हणजे अर्धं अंग जाणं, हेच चित्र आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. त्यामुळे अशा माणसाचे मोलाचे तास वाया जातात, आणि मला ते फार लागतं.

मागच्या भागात इजा झाली की नेहमी आढळणारा परिणाम म्हणजे अर्धं दृश्य नाहीसं होणं. नकाशाचा तो अर्धा भागच गेलेला असतो. मेंदूच्या उजव्या बाजूला, थोडी वरच्या अंगाला इजा झाली की आणखी वेगळा प्रकार दिसतो. डावी बाजू दिसत असूनही माणसाचं तिकडे लक्षच जात नाही. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहते आणि ती राहिली हे त्याच्या गावीही नसतं. हेमिमायक्रोप्सिया या दोन्हींहून निराळा. इथे डावी बाजू दिसते, तिकडे लक्षही जातं आणि काहीतरी बिनसलंय हे रुग्णाला पक्कं कळतं. मात्र हे कप्पे नेहमी इतके स्वच्छ नसतात. 1995 मध्ये मिल्नर आणि हार्वी यांनी दाखवून दिलं, की डावीकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णांनाही डावीकडचा आयत उजवीकडच्या तेवढ्याच आयतापेक्षा आखूड वाटू शकतो.

5. मापाचं स्वतंत्र ठाणं

दृश्य मेंदूत शिरतं तो पहिला नकाशा शाबूत, पण त्याच्या शेजारच्या भागाला इजा, असं झालं तर? पहिल्या नकाशापुढे दृश्याची अनेक ठाणी आहेत. एका ठाण्याला इजा झाली की रंग जातात आणि जग करडं होतं. दुसऱ्याला झाली की हालचाल कळेनाशी होते, ओतला जाणारा चहा गोठल्यासारखा दिसतो. मग मापासाठीही असं ठाणं असावं का?

1994 मध्ये लॉरां कोएन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी हेमिमायक्रोप्सियाच्या दोन रुग्णांचं बारकाईनं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांना दृश्याच्या एका अर्ध्या भागातल्या वस्तू लहान दिसत होत्या. इजा पहिल्या नकाशाला लागून असलेल्या, त्याच्या पुढच्या पायरीवरच्या भागात होती. त्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी याला दृश्य आकाराच्या जाणिवेचा निवडक बिघाड म्हटलं आहे. वजन बरोबर, भाव बरोबर, गुणाकार तेवढा चुकतोय. पाच वर्षांनी इटलीतल्या फ्रासिनेती आणि सहकाऱ्यांनी त्याहून चकित करणारा एक रुग्ण नोंदवला. त्याचं आडवं माप बिघडलं होतं, उभं नाही. मेंदू रुंदी आणि उंची एकाच टोपलीत टाकत नाही, हे इतकं स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

निरोगी मेंदूतही या गुणाकाराचा माग लागला आहे. आगगाडीच्या रुळांसारख्या लांब जाऊन जवळ येणाऱ्या दोन रेषा काढा. त्यांच्यामध्ये दोन अगदी सारख्या पट्ट्या ठेवा, एक जवळ, एक दूर. दूरची मोठी दिसते. मारिओ पोंझो या इटालियन मानसशास्त्रज्ञाच्या नावानं हा दृष्टिभ्रम प्रसिद्ध आहे. 2006 मध्ये मरी, बोयाजी आणि कर्स्टन यांनी अशाच धर्तीचं चित्र लोकांना दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. त्यात एक चेंडू जवळ आणि तेवढाच दुसरा दूर असल्यासारखा दिसत होता. डोळ्याच्या पडद्यावर दोघांचं माप तेच होतं. तरी दूरचा, म्हणजे मोठा भासणारा चेंडू पाहताना मेंदूच्या पहिल्या नकाशात जास्त पसरट भाग उजळला. 2012 मध्ये स्पेरांदिओ, शुइनार आणि गुडेल यांनी एमर्टचा तो तरंगता ठसा घेऊन हेच पाहिलं. ठसा जेवढा मोठा भासला, नकाशात तेवढा दूरवर पसरला. म्हणजे पहिला नकाशासुद्धा डोळ्यानं पाठवलेलं माप नुसतं उतरवून घेत नाही. पुढच्या ठाण्यांकडून त्याला दुरुस्ती येते.

यावरून एक तर्क करता येतो. दुरुस्ती पाठवणारं ठाणंच अधू झालं, तर नकाशावरची त्या बाजूची आकृती हवी तेवढी पसरत नाही आणि वस्तू लहान भासते. हा तर्क आहे, पण पक्षाघातानंतर मोठं दिसण्यापेक्षा लहान दिसण्याच्या नोंदी जास्त का, याचं उत्तर त्याच दिशेला असावं असं मला वाटतं.

6. बोटांचा हिशेब वेगळा

लहान दिसणारा कप उचलायला गेलं तर बोटं किती उघडतील, दिसतो तेवढी की आहे तेवढी?

या प्रश्नाचं उत्तर पक्षाघातानं नव्हे, तर एका अपघातानं दिलं. 1988 मध्ये इटलीत राहणाऱ्या एका स्कॉटिश स्त्रीला न्हाणीघरातल्या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. ती वाचली, पण वस्तूंचे आकार ओळखण्याची तिची शक्ती गेली. वैद्यकीय साहित्यात ती डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मेल गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी तिच्यापुढे कमीजास्त रुंदीचे ठोकळे ठेवले आणि अंगठा व तर्जनीमधल्या फटीनं रुंदी दाखवायला सांगितली. तिची फट आणि ठोकळा यांचा काही मेळ बसेना. मग त्यांनी तोच ठोकळा उचलायला सांगितला. हात ठोकळ्याकडे जात असतानाच तिची बोटं नेमकी त्याच्या रुंदीच्या हिशेबानं उघडली, रुंद ठोकळ्याला जास्त, अरुंदाला कमी.

यावरून 1992 मध्ये दोघांनी मांडलं, की दृश्याच्या दोन वाटा आहेत. खालची वाट "हे काय आहे, केवढं आहे" हे जाणिवेपर्यंत पोचवते. वरची वाट हाताला "एवढं उघड, इकडे जा" असं सांगते, जाणिवेला न विचारता. निरोगी माणसांत ही फारकत किती असते यावर नंतर बरेच वाद झाले आणि दोन वाटा एकमेकींशी पुष्कळ बोलतात हेही आता मान्य आहे. पण रुग्णाच्या दृष्टीनं यातून कामाची गोष्ट मिळते. डोळ्यांना बारीक दिसणारी वस्तू हातात घेऊन चाचपली की माप पुन्हा जागेवर येतं. स्पर्शाचा हिशेब वेगळ्या वहीत असतो. कपावर भरवसा वाटत नसेल तर बोट फिरवून पाहावं.

7. बाजू कुणाची: नजरेची की वस्तूची?

आता थोडं बारकाईनं पाहू. मावशींना सुनेच्या चेहऱ्याची डावी बाजू लहान दिसते. इथे "डावी" म्हणजे काय? त्यांनी नजर सुनेच्या नाकावर रोखली असेल तर नाकाच्या डावीकडचा चेहरा लहान. आता नजर चेहऱ्याच्या डाव्या कडेला, कानाजवळ न्या. सगळा चेहरा नजरेच्या उजवीकडे आला आणि चेहरा नीट झाला. बाजू चेहऱ्याची नव्हतीच, नजरेची होती. म्हणून अशा रुग्णांना नजर हलवायची युक्ती शिकवता येते: ज्याचं माप हवं ते नजरेच्या चांगल्या बाजूला घ्यायचं.

पण निसर्गानं याला अपवादही ठेवला आहे. मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा जो जाड सेतू आहे, त्याच्या मागच्या टोकाला इजा झालेल्या एका रुग्णाचं वर्णन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याला चेहऱ्याच्या एकाच अर्ध्या भागातले अवयव वितळल्यासारखे, ओघळल्यासारखे दिसत. घरं, वस्तू व्यवस्थित, फक्त चेहरे बिघडलेले. जोर्जे आल्मेदा, ब्रॅड ड्यूशेन आणि सहकाऱ्यांनी त्याला चेहऱ्याचे फोटो नजरेच्या डावीकडे दाखवले, उजवीकडे दाखवले, आडवे केले, उलटे केले. बिघाड दर वेळी चेहऱ्याच्या त्याच अर्ध्या भागात! फोटो उलटा केला तर बिघाड दुसऱ्या बाजूला दिसू लागला, कारण तो चेहऱ्याबरोबर फिरला. म्हणजे समोरचा चेहरा कसाही असो, मेंदू आधी तो सरळ करून आपल्या ठरलेल्या साच्यात बसवतो. त्या साच्याचा एक अर्धा या रुग्णात बिघडला होता.

8. पक्षाघातच असेल असं नाही

1955 मध्ये जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी या अनुभवांना 'अॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम' असं नाव दिलं. लुईस कॅरल यांच्या 1865 च्या पुस्तकातली अॅलिस कधी बोटभर होते तर कधी छताला लागते, त्यावरून. टॉड यांचे रुग्ण मुख्यतः अर्धशिशीचे आणि अपस्माराचे होते. लहान मुलांत काही विषाणूंच्या तापानंतरही हे होतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. काही औषधांमुळेही होऊ शकतं. म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

वेगळं ओळखायचं ते वेळेवरून. अर्धशिशीतला बिघाड सहसा मिनिटामिनिटानं वाढत जातो, पाच मिनिटं ते तासभर टिकतो आणि मग ओसरतो. फिटचा बिघाड थोडा वेळ येतो, जातो आणि पुन्हा पुन्हा तसाच येतो. पक्षाघाताचा एकदम येतो, दिवा घालवावा तसा.

9. घरी काय पाहावं, डॉक्टरांना काय सांगावं

असं काही अचानक सुरू झालं असेल, तर पुढे दिलेलं काहीही करत बसू नका. 108 ला फोन करा आणि मेंदूचं स्कॅन व पक्षाघाताचे उपचार होतात अशाच रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं औषध सुरुवातीच्या साडेचार तासांत देता येतं. काही रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याची मुदत त्याहून लांब असते. "शेवटचं अगदी व्यवस्थित कधी दिसत होतं" ती वेळ सांगा, डॉक्टर घड्याळ तिथून मोजतात. पहिलं सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव झाला नाही ना, हे पाहण्यासाठी असतं. मागच्या भागातली ताजी गुठळी त्यात सुटू शकते. म्हणून सीटी चांगलं आलं तरी तक्रार लावून धरा, एमआरआयबद्दल विचारा.

धोका टळून माणूस घरी आल्यावर मात्र एक साधी चाचणी उपयोगी पडते. कोऱ्या कागदावर 5 सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं शेजारीशेजारी काढा आणि दोन्हींच्या मधोमध ठळक ठिपका द्या. रुग्णानं ठिपक्यावरच नजर ठेवायची. डावं लहान दिसलं तर कागद उलटा फिरवा. पुन्हा डावंच लहान? मग दोष चित्रात नाही. आता एकेक डोळा मिटून पाहा. दोन्ही वेळा तसंच दिसलं तर बिघाड मेंदूच्या अंगाचा. एकाच डोळ्यानं दिसलं तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे पडदा तपासून घ्या.

किती लहान, हेही काढता येतं. पुठ्ठ्याच्या 5, साडेपाच, 6 आणि साडेसहा सेंटिमीटरच्या चकत्या कापा. उजवीकडे 5 ची ठेवा, डावीकडे एकेक बदलत जा. समजा 6 ची चकती डावीकडे ठेवल्यावर दोन्ही सारख्या दिसल्या. म्हणजे डावीकडे 6 चं 5 दिसतं, माप साधारण सहाव्या हिश्श्यानं घटलंय. आठवड्यानं पुन्हा पाहा. साडेपाचवरच सारख्या दिसू लागल्या तर सुधारणा होते आहे. अशा नोंदवलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांचा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी झाला आहे. काहींचा मात्र रेंगाळतो. पूर्ण बरं झालेलं पुन्हा झटक्याझटक्यानं येऊ लागलं तर मेंदूच्या त्या जखमेतून फिट येत असू शकते. तेव्हा ईईजी करून घ्यावा लागतो. औषधानं ती आवरते.

तोवर गाडी चालवू नये. एका बाजूचं वाहन लहान दिसलं की ते आहे त्याहून दूर वाटतं आणि रस्ता ओलांडतानाही हीच चूक होते. घरच्यांनी बिघडलेल्या बाजूनं चालावं. चकत्यांच्या नोंदी तारखेसह लिहून फायलीत ठेवाव्यात. "अजून जरा लहान दिसतं" या वाक्यावरून डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही. "पंधरा दिवसांपूर्वी 6, काल साडेपाच" यावरून ठरवता येतं.